गॅसचा भाव विचारता, तेलाचे नावही विचारा

एप्रिल उजाडला की मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांतल्या गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येते, "एसी गार करत नाही, जरा गॅस भरून द्या." मेकॅनिक गेज लावतो, सिलिंडरची तोटी सैल करतो, पाव तासात गार वारा येऊ लागतो, पैसे दिले-घेतले जातात आणि गाडी वाटेला लागते. भाव काय, एवढेच विचारले जाते. कोणता गॅस, किती ग्रॅम आणि कॉम्प्रेसरला तेल कोणते, हे कोणी विचारत नाही. यांतला तेलाचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे आणि शेवटी सर्वांत महागही तोच पडतो. गॅस आणि तेल यांची जोडी असते. ती गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असते आणि बॉनेटखालच्या लेबलावर किंवा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. ती बदलण्याची मुभा गल्लीतल्या मेकॅनिकला नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाही आणि चार पैसे वाचवू पाहणाऱ्या मालकालाही नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी गॅसबद्दलचा जुना गैरसमज बाजूला करू. एसी गॅस जाळत नाही आणि संपवतही नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता शोषून घेतो. घरच्या फ्रिजपेक्षा मोटारीत गळतीला वाव जास्त, हे खरे. नळ्यांत रबराचे तुकडे असतात, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे फक्त एक सील असते, त्यामुळे काही वर्षांत थोडा गॅस झिरपणारच. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. गिरगाव चौपाटी, वरळी, शिवाजी पार्क अशा समुद्राला लागून असलेल्या भागात रात्रंदिवस उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या कंडेन्सरला खारा वारा कुरतडतो, आणि बहुतेकदा ते भोक तिथेच सापडते. भोक न शोधता गॅस भरणाऱ्याने दुरुस्ती केलेली नसते, पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक तेवढे बांधून ठेवलेले असते.

आता तेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर एका बंद डब्यात असतो आणि त्याचे तेल बरेचसे त्या डब्याच्या तळाशीच राहते. मोटारीच्या बहुतेक कॉम्प्रेसरना असा साठा नसतो. गाडीप्रमाणे साधारण ८० ते २०० मिलिलिटर एवढेच तेल सगळ्या यंत्रणेत असते आणि ते गॅसबरोबर कंडेन्सर, व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल असा फेरा मारून कॉम्प्रेसरकडे परत येते. परत यायचे तर ते गॅसमध्ये मिसळायला हवे. सगळी मेख इथे आहे. जुना आर-१२ गॅस खनिज तेलात छान मिसळत असे. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए खनिज तेलात मिसळत नाही. त्यासाठी पॉलिअल्किलिन ग्लायकॉल हे कृत्रिम तेल आणावे लागले. बाजारात त्याला पॅग म्हणतात. आर-१३४ए च्या यंत्रणेत खनिज तेल ओतले तर ते कूलिंग कॉइलमध्ये साचून बसते. कॉम्प्रेसर कोरडा फिरू लागतो, आतला धातू झिजतो आणि त्याचा बारीक कीस गॅसबरोबर सगळीकडे पसरतो. त्यानंतर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. आजच्या कंडेन्सरच्या बारीक वाहिन्यांतून तो कीस धुऊन निघत नाही, म्हणून कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ड्रायर सगळेच बदलावे लागते. एसी मात्र भरून दिला त्या दिवशी उत्तम गार करत असतो. चूक काही महिन्यांनी उघडकीला येते आणि तोवर बाटलीतले तेल कोणते होते हे मेकॅनिकच्याही लक्षात राहत नाही.

पॅग म्हटले म्हणजेही झाले असे नाही. पॅग ४६, पॅग १००, पॅग १५० अशा बाटल्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात. हे आकडे ४० अंश तापमानाला तेल किती दाट, ते सांगतात. कोणत्या कॉम्प्रेसरला कोणते तेल, हे त्याच्या आतल्या फटी आणि बेअरिंगे पाहून बनवणाऱ्याने ठरवलेले असते. "कॉम्प्रेसर जुना झालाय, जरा जाड तेल टाकू" हा सल्ला इंजिन ऑइलच्या सवयीतून आलेला आहे, आणि इथे तो चुकीचा आहे. जाड तेल कॉइलच्या आत थर धरते, गारवा कमी करते आणि गॅसबरोबर सावकाश फिरते. प्रमाणाचेही तसेच. नवा कॉम्प्रेसर बहुधा आत तेल भरूनच येतो. जुन्यातून निघालेले तेल मोजून नव्यात तेवढेच ठेवायचे असते. ते न मोजता वरून आणखी ओतले की दुप्पट तेल फिरू लागते आणि गिऱ्हाईक म्हणते, नवीन कॉम्प्रेसर टाकूनही गार होत नाही.

यात मुंबईच्या हवेची भर पडते. पॅग हवेतली वाफ झपाट्याने पिते. बाटलीचे बूच अर्धा दिवस उघडे राहिले तरी ते तेल टाकून देण्याच्या लायकीचे होते. राजस्थानातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे कदाचित खपून जाईल. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी आणि हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना परळच्या गॅरेजात फडक्याने तोंड बांधून ठेवलेली बाटली म्हणजे पाणी घातलेले तेलच. आत शिरलेले पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, धातू गंजवते आणि पीओई म्हणजे एस्टर जातीचे तेल असेल तर त्याचे विघटन करून आम्ल तयार करते. यावर उपाय व्हॅक्यूम पंपाचा. ३० अंशाला पाणी उकळायचे असेल तर नळीतला दाब वातावरणाच्या चोविसाव्या भागाच्याही खाली न्यावा लागतो, आणि तो बराच वेळ तिथे टिकवावा लागतो. तेव्हा कुठे नळ्यांतले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. तेलात मुरलेले पाणी तेवढ्यानेही सहज निघत नाही. पंप पाच मिनिटे फिरवून "व्हॅक्यूम झाला" म्हणणाऱ्याने नळ्यांतली हवा काढलेली असते, ओलावा आतच असतो. म्हणून छोट्या, बंद बाटल्या घ्याव्यात आणि उरलेले तेल पुढच्या गाडीसाठी जपून ठेवू नये. ही उधळपट्टी वाटेल, पण तेलाची बाटली आणि कॉम्प्रेसर यांच्या किमतीतली तफावत पाहिली की हिशेब कळतो.

मेकॅनिक म्हणेल, इतक्या वर्षांचा हात आहे, गेज पाहून सगळे कळते. या दाव्याशी भिडले पाहिजे, कारण अनुभवी हाताची किंमत मला मान्य आहे. इंजिन बंद असताना, ३० अंश तापमानाला, बंद नळीतल्या आर-१३४ए चा निरपेक्ष दाब सुमारे ७.७ बार असतो. जुन्या आर-१२ चा सुमारे ७.४ आणि नव्या आर-१२३४वायएफ चा सुमारे ७.८. तापमानाचा अंदाज दीड-दोन अंशांनी चुकला तर हा फरक पुसून जातो. म्हणजे आत कोणता गॅस आहे हे साधे गेज सांगू शकत नाही. किती आहे तेही सांगू शकत नाही. नळीत २०० ग्रॅम असो की ५००, थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोवर काटा त्याच जागी राहतो. एसी चालू असताना काटे हलतात आणि त्यावरून जाणता माणूस बरेच काही ओळखतो, पण ते काटे पंखा, इंजिनाचा वेग, हवेतली आर्द्रता अशा दहा गोष्टींवर हलतात. छोट्या गाडीत गॅसच मुळी ३५०-४०० ग्रॅम असतो, तिथे ५० ग्रॅमची चूकही लहान नाही. जास्त भरला तर लालबागच्या सिग्नलला रांगेत उभ्या गाडीत दाब चढून कॉम्प्रेसर बंद पडतो. कमी भरला तर तेल परत वाहून आणणारा प्रवाहच क्षीण होतो, आणि कॉम्प्रेसर पुन्हा तेलाला मुकतो. गॅस वजनकाट्यावरच भरला पाहिजे. तिथे कसबाला पर्याय काट्याचाच आहे, आणि डिजिटल वजनकाटा काही फार महाग वस्तू नाही.

गेजला गॅस ओळखता न आल्याने काय होऊ शकते, त्याचे भयंकर उदाहरण २०११ मधले आहे. शीतकंटेनरच्या यंत्रांत स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये तीन कामगार मेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ निघाली. हा पदार्थ ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि त्यातून हवा लागताच पेट घेणारे रसायन तयार होते. मोटारीचा कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल ॲल्युमिनियमचेच असतात आणि कॉम्प्रेसरचा सांगाडाही. नाव नसलेल्या स्वस्त सिलिंडरचा धोका त्यामुळे नुसत्या फसवणुकीपुरता राहत नाही. आपल्या शहरात आणखी एक मोह आहे. त्याच गल्लीत घरगुती एसी दुरुस्त करणाऱ्याकडे आर-२२ आणि आर-३२ चे सिलिंडर असतातच. ३० अंशाला आर-२२ चा दाब १२ बारच्या आसपास जातो, आर-३२ चा १९ च्या पुढे, आणि आर-३२ पेटही घेऊ शकतो. मोटारीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत.

प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाचे समर्थक जरा अधिक ताकदीचा मुद्दा मांडतात. हे मिश्रण उत्तम गार करते, स्वस्त असते, पृथ्वी तापवण्यात त्याचा वाटा नगण्य असतो आणि आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजांत आयसोब्युटेन असतोच, मग मोटारीत का नको? यातले एकही विधान खोटे नाही. पण फ्रिजमध्ये तो वायू जेमतेम ५०-६० ग्रॅम असतो, झाळलेल्या नळ्यांत असतो आणि फ्रिज कोणाला जाऊन धडकत नाही. मोटारीची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या गुडघ्यांसमोर असते आणि कंडेन्सर पहिल्या धडकेच्या जागी. कारखान्याने त्या वायूसाठी गाडी बनवली असती, सेन्सर आणि झडपा दिल्या असत्या, तर गोष्ट निराळी. आर-१३४ए साठी बनलेल्या गाडीत तो भरणे म्हणजे लेबल खोटे करणे, आणि पुढे तीच गाडी उघडणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकला आत काय आहे याची खबर नसते. मंद ज्वलनशील आर-१२३४वायएफ बाजारात आला तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये डाइमलरसारख्या कंपनीने आपल्या चाचणीत त्याने पेट घेतल्याचे जाहीर करून केवढा वाद उभा केला होता, हे आठवावे. त्या वायूबद्दल युरोपात एवढी चर्चा झाली, आणि त्याहून कितीतरी सहज पेटणारे मिश्रण आपण विनाचर्चा भरून घेतो.

गॅस बदलतात ते कायद्याने, आणि दर वेळी तेलही बदलते. शहाण्या माणसाने लक्षात ठेवावा असा हा इतिहास आहे. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आर-१२ सारखे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर खातात हे दाखवले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आपल्याकडे हे वायू चार कंपन्या बनवत. त्यांतली नवीन फ्लोरिन ही मफतलाल घराण्याची. गिरणगावात ज्यांच्या कापडगिरण्या होत्या, त्याच घराण्याने सुरतजवळ फ्लोरिनचा कारखाना काढला आणि 'मॅफ्रॉन' हे नाव मेकॅनिकांच्या तोंडी बसले. दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडून १ ऑगस्ट २००८ पासून भारताने क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन थांबवले. आता पाळी आर-१३४ए ची आहे. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवतो. एका गाडीतला ५०० ग्रॅम गॅस नळी सैल करून सोडून दिला तर ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतके नुकसान होते. साधी गाडी तेवढ्या पेट्रोलवर मुंबईहून नागपूरला जवळपास तीनदा जाऊन येईल. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून तिच्यानुसार आपल्याला आर-१३४ए च्या जातीच्या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून कमी करायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. युरोपात तर १ जानेवारी २०१७ पासून आर-१३४ए ची नवी मोटार विकताच येत नाही. तिथून आयात होणाऱ्या गाड्यांबरोबर आर-१२३४वायएफ येणार आणि मग दोन्ही वायू आणि त्यांची वेगवेगळी तेले एकाच गल्लीत येणार. दोन्हींच्या सर्व्हिस पोर्टची तोंडे मुद्दाम वेगळी बनवलेली आहेत, पण अडॅप्टर विकत मिळतो, तिथे कंपनीची हुशारी संपते.

त्यातही विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. त्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. त्याची मोटर आतच, गॅस आणि तेलात बुडालेली असते, आणि तिला शेकडो व्होल्टचा पुरवठा असतो. तिथे वीज न वाहू देणारे तेल लागते, ते बहुधा पीओई जातीचे असते. साध्या गाडीचे पॅग त्यात थोडेसे मिसळले तरी विद्युतरोध घसरतो आणि गाडी बिघाड दाखवून उभी राहू शकते. आधीच्या गाडीचे तेल लागलेली गेजची नळी तशीच या गाडीला लावली, एवढेही निमित्त पुरते. अनेक विजेच्या मोटारींत बॅटरीसुद्धा याच गॅसने थंड ठेवली जाते. म्हणजे एसी बिघडला तर घाम पुसून भागत नाही, बॅटरीच तापते. 'कुठल्याही गाडीला चालेल' असे लिहिलेली बाटली विकणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच आहे, पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर आणि विजेचा कॉम्प्रेसर, पॅग ४६ आणि पॅग १५०, यांतल्या कुणाच्या निर्मात्याने या बाटलीला मान्यता दिली आहे? तशी मान्यता लेबलावर नावानिशी दाखवता आली तर जरूर वापरावी.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत खिडकी उघडणे हाच एसी होता, तिच्या जागी आता गार हवेची अपेक्षा ठेवणारा प्रवासी आहे. चालकाचा कॉम्प्रेसर दादर-परळच्या गर्दीत दिवसाचे दहा-बारा तास फिरतो आणि हप्ते फेडणाऱ्या त्या माणसाला वजनकाटा, व्हॅक्यूम, नवी तेलाची बाटली ही चैन वाटते. त्याचे म्हणणे मी हलके समजत नाही. पण दिवसभर चालणाऱ्या एसीलाच योग्य तेलाची गरज सर्वांत जास्त असते, आणि कॉम्प्रेसर जाम झाला तर त्याची कमाईच बंद होते. भोक बुजवून, मोजून भरलेला एसी वर्षानुवर्षे चालतो, आणि दर एप्रिलला भरून घेणारा माणूस काही वर्षांत त्याहून जास्त देऊन बसतो. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावे का? तसे मी म्हणत नाही. कंपनीचा फलक लावल्याने तेल आपोआप योग्य होत नाही, आणि ऑपेरा हाउस-गिरगावच्या पट्ट्यात असे कारागीर आहेत की जे गळतीची जागा हाताने चाचपून सांगतात. त्यांना साधने हवीत. अमेरिकेत मोटारीचा एसी उघडणाऱ्या मेकॅनिकला प्रमाणपत्र लागते आणि आर-१३४ए हवेत सोडायला १९९५ पासून बंदी आहे. आपल्याकडे गल्लीतल्या गॅरेजला असे काही कोणी विचारत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड वेगळा, रेफ्रिजरेशनचा वेगळा, आणि मोटारीचा एसी दोन्हींच्या शिवेवर पडतो. क्लोरोफ्लुरोकार्बन बंद करताना आंतरराष्ट्रीय निधीतून देशभर मेकॅनिकांना प्रशिक्षण दिले गेले होते, म्हणजे हे अशक्य नाही. गॅस खेचून साठवणारे यंत्र एकेका छोट्या गॅरेजला परवडणार नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनेने एका बाजारासाठी दोन-चार घेऊन भाड्याने द्यावीत आणि सरकारने त्यावर सवलत द्यावी. सिलिंडरच्या विक्रीची नोंद सक्तीची केली तर बेनामी गॅसला आपोआप लगाम बसेल.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर गाडी घेऊन जाण्याआधी बॉनेट उघडा, एसीच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यावर गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन असते. तेलाचा प्रकार तिथे नसेल तर मॅन्युअलमध्ये किंवा कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर शोधा. मेकॅनिकला तो फोटो दाखवा आणि बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणते तेल. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.